हाकेला ओ : कांचनजंगा, १ सप्टेंबर १९०५

कांचनजंगावर चार माणसांचा जीव घेणाऱ्या या प्रकरणात जवळजवळ प्रत्येक गोष्टीला दोन बाजू आहेत. शिधा वेळेवर वर का पोचला नाही, हमाल का पळाले, मोहिमेचा नेता नेमका कोण, खाली उतरायचा हट्ट कुणाचा, या सगळ्यांची दोन-दोन उत्तरं सापडतात. पण हाका ऐकू आल्या होत्या, याबद्दल वाद नाही. ज्याने त्या ऐकल्या त्यानेच तसं लिहून ठेवलं आहे. १ सप्टेंबर १९०५ च्या संध्याकाळी, कांचनजंगाच्या नैर्ऋत्य अंगावर, सहा हजार मीटरच्या वर लावलेल्या तंबूत अ‍ॅलिस्टर क्राउलीने खालून येणारा आक्रोश ऐकला आणि तो जागचा हलला नाही.

क्राउलीचं नाव मराठी वाचकापर्यंत पोचतं ते बहुधा काळ्या जादूच्या संदर्भात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा सर्वांत बदनाम गूढविद्यावाला, स्वतःला ‘महापशू ६६६’ म्हणवून घेणारा, अफू-हेरॉइनच्या आहारी गेलेला, ज्याला ब्रिटिश वर्तमानपत्रांनी ‘जगातला सर्वांत दुष्ट माणूस’ ठरवलं तो. त्याच्यावर लिहिणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन तट आहेत. एकाला तो सैतान वाटतो, दुसऱ्याला द्रष्टा. मी गिर्यारोहणाच्या बाजूने त्याच्यापर्यंत पोचलो आणि मला दोन्ही तटांचं आश्चर्य वाटलं. त्याच्या मंत्रतंत्रांवर दोघंही पानंच्या पानं खर्च करतात. डोंगरावर गेलेल्या चार जिवांचा उल्लेख मात्र एका परिच्छेदात उरकतात. माझ्या मते हा माणूस सगळ्यात स्पष्ट दिसतो तो त्या डोंगरावर. तिथे देवदूत नाहीत, मंत्र नाहीत. दोर आहे, बर्फ आहे आणि घड्याळात वाजलेले पाच आहेत.

आमच्या गिर्यारोहण संस्थेत अपघात झाला की अहवाल लिहायची पद्धत आहे. दोरावर कोण कोण होतं, किती वाजले होते, हवा कशी होती, निर्णय कुणी घेतला, मदतीला कोण आणि किती वेळात पोचलं. त्याच पद्धतीने हे प्रकरण मांडायचा हा प्रयत्न आहे.

माणूस आणि त्याची तयारी

क्राउलीचा जन्म १२ ऑक्टोबर १८७५ चा, इंग्लंडमधल्या लेमिंग्टन स्पा गावातला. घर ‘प्लिमथ ब्रेदरन’ या कर्मठ ख्रिस्ती पंथाचं, पैसा घराण्याच्या दारूभट्टीतून आलेला. वडील वारले तेव्हा तो ११ वर्षांचा होता. आईने रागाच्या भरात त्याला बायबलमधल्या पशूचं नाव दिलं, ते त्याने पुढे बिरुदासारखं मिरवलं. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकला, पदवी न घेताच बाहेर पडला. १८९८ मध्ये लंडनच्या ‘गोल्डन डॉन’ या गुप्त मंडळात त्याने दीक्षा घेतली आणि पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये लॉख नेस सरोवराच्या काठी बोलस्किन नावाचं घर विकत घेतलं, अनुष्ठानासाठी एकांत हवा म्हणून.

हे सगळं चालू असताना तो उत्तम गिर्यारोहकही होता. हे मोकळेपणाने सांगायला हवं, कारण त्याचा तिटकारा असणारे हे लपवतात. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बीची हेड या खडूच्या ठिसूळ कड्यावर त्याने विशीच्या आत चढाया केल्या. खडू हातात येतो, पायाखालून निसटतो. आपल्याकडे मुरमाड घसाऱ्यावर चढलेल्यांना त्यातली भीती वेगळी समजावून सांगायला नको. आल्प्समध्ये तो वाटाड्यांशिवाय चढायचा, जे त्या काळी प्रतिष्ठित मंडळींना उद्धटपणाचं वाटे. त्याचा गुरू ऑस्कर एकेनस्टाइन. क्रॅम्पॉनच्या (बर्फावर पकड यावी म्हणून बुटांना बांधायच्या लोखंडी काट्यांच्या) आणि आखूड हिमकुऱ्हाडीच्या इतिहासात हे नाव येतंच. या दोघांनी १९०१ मध्ये मेक्सिकोचे ज्वालामुखी पालथे घातले आणि १९०२ मध्ये थेट के-टू गाठलं.

के-टूची ती मोहीम म्हणजे त्या शिखरावर चढण्याचा पहिला गंभीर प्रयत्न. बाल्तोरो हिमनदीवर ६८ दिवस काढले, त्यात स्वच्छ हवेचे दिवस फक्त ८. सुमारे ६५०० मीटरपर्यंत पोचून परत फिरावं लागलं. त्या मोहिमेचा नेता एकेनस्टाइन होता, क्राउली नव्हता. आणि त्याच मोहिमेत ज्यूल जाको-गिलार्मो हा स्विस डॉक्टर होता.

एप्रिल १९०५ मध्ये हा डॉक्टर बोलस्किनला पाहुणा म्हणून आला आणि कांचनजंगाचा प्रस्ताव निघाला. क्राउलीने अट घातली, चढाईच्या बाबतीत अखेरचा शब्द माझा. डॉक्टरने मान्य केलं. एकेनस्टाइनला विचारलं, त्याने नकार दिला. मला हा नकार या प्रकरणातली पहिली खूण वाटते. ज्याने क्राउलीला दोर बांधायला शिकवलं, महिनोन्‌महिने त्याच्यासोबत तंबूत काढले, तो माणूस त्याच्या हाताखाली जायला तयार झाला नाही.

कांचनजंगावर तोपर्यंत कुणीच चढाईचा प्रयत्न केला नव्हता. ८५८६ मीटर, जगात तिसरं. १८९९ मध्ये डग्लस फ्रेशफील्डने त्या पर्वताला पूर्ण वळसा घातला होता आणि व्हित्तोरिओ सेल्लाने त्याची छायाचित्रं घेतली होती. हातात होतं ते एवढंच. दार्जिलिंगहून शिखर रोज दिसतं, पण दिसणं आणि वाट सापडणं यात फार अंतर आहे.

डॉक्टरने आणखी दोन स्विस आणले. एक शार्ल-अडॉल्फ रेमों, दुसरा अलेक्सी पाश. पाश घोडदळातला अधिकारी, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात ब्रिटिशांविरुद्ध, बोअरांच्या बाजूने लढून आलेला. दार्जिलिंगमध्ये क्राउलीने अल्चेस्ती डी रिगी या इटालियन हॉटेल-व्यवस्थापकाला घेतलं, त्याला इथली भाषा येते, हमाल आणि शिधा सांभाळेल म्हणून. डी रिगीला बर्फाचा अनुभव नव्हता. के-टूवर सोबत असलेले काही काश्मिरी मदतनीसही बोलावून घेतले होते. ८ ऑगस्टला मोठा लवाजमा दार्जिलिंगहून निघाला.

८ ऑगस्ट! इथेच थांबून विचार करण्यासारखं आहे. पूर्व हिमालयात हा ऐन पावसाळा. खाली जळवा आणि चिखल, वर रोज पडणारं ताजं बर्फ. आज कांचनजंगाच्या मोहिमा एप्रिल-मेमध्ये होतात. १९५५ चं पहिलं यशस्वी आरोहण २५ मेचं, आणि आपल्या पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे दहा गिर्यारोहक २०१९ मध्ये शिखरावर उभे राहिले तो दिवस १५ मे. १९०५ मध्ये हे ज्ञान अजून जमा व्हायचं होतं, त्यामुळे ऋतू चुकला याचा दोष मी क्राउलीला देणार नाही. पण त्या ऋतूत बर्फ किती सैल असेल, याची कल्पना त्याला होती. ती होती म्हणूनच पुढची भांडणं झाली.

कॅम्प पाचपर्यंत

यालुंग हिमनदीवरून नैर्ऋत्य अंगाने वर जायचं, ही वाट क्राउलीने निवडली. पन्नास वर्षांनी चार्ल्स इव्हान्सच्या नेतृत्वाखालची ब्रिटिश मोहीम यालुंगच्या याच बाजूने गेली आणि जो ब्राउन व जॉर्ज बँड माथ्याजवळ पोचले. सिक्कीमच्या लोकांना दिलेल्या शब्दाखातर शेवटची काही पावलं त्यांनी मुद्दाम सोडली. म्हणजे क्राउलीची नजर चुकली नव्हती. एवढ्या अवाढव्य डोंगरात नेमकी चढता येण्याजोगी बाजू पुरेशा नकाशांशिवाय हेरणं सोपं नाही.

त्याचा दुसरा आग्रह होता वेळेचा. चढाई पहाटे, उन्हं यायच्या आत. दिवस वर आल्यावर थांबायचं. डॉक्टरला हे पटत नव्हतं. त्याचं म्हणणं, एवढ्या थंडीत आणि अंधारात हमालांना बाहेर काढणं क्रूरपणाचं आहे, आणि त्यांच्या पायात बर्फावर चालण्याजोगं काही नाही. दोघांचंही ऐकून घेतलं तर दोघंही आपापल्या जागी बरोबर दिसतात. रात्रीच्या थंडीने बर्फाचे थर आवळले जातात, उन्हाने वरचा थर ओला होऊन त्याची पकड सुटते, हे क्राउलीला माहीत होतं. अनवाणी माणसाला गोठलेल्या बर्फावर उभं करणं म्हणजे काय, हे डॉक्टरला माहीत होतं. असा वाद आमच्यातही होतो, पहाटे निघायचं की उजाडल्यावर. तो मिटवणं हेच नेत्याचं काम असतं. इथे तो मिटला नाही, रोज साचत गेला.

हमालांपैकी काही पळून गेले. क्राउली मारतो, ही त्यांची तक्रार होती. क्राउलीने स्वतःच लिहिलंय की चढाईत एक छोटं हिमस्खलन झालं तेव्हा घाबरून दोर सोडू पाहणाऱ्या हमालाला त्याने हिमकुऱ्हाडीचा तडाखा दिला. त्याचं समर्थन असं की एकजण सुटला असता तर सगळेच गेले असते. त्या क्षणापुरतं ते खरंही असेल. पण माणसं पळत होती ती एका तडाख्यामुळे नाही. मी अनेक वर्षं स्थानिक मदतनीसांबरोबर डोंगरात फिरलोय. ज्या नेत्यावर विश्वास असतो त्याच्यासाठी ते अवघड जागीही थांबतात आणि ज्याची भीती वाटते त्याला रात्रीत सोडून जातात. हमाल का पळाले, या प्रश्नाचं उत्तर शोधायला कुठल्याही दफ्तरात जावं लागत नाही.

शिधा वर पोचत नव्हता, त्याचं खापर क्राउलीने डी रिगीवर फोडलं. डी रिगी खालच्या कॅम्पवर होता, डॉक्टर मधल्या कॅम्पवर, क्राउली सगळ्यात वर. तीन माणसं तीन उंचीवर आणि प्रत्येकजण दुसऱ्यावर चिडलेला. ३१ ऑगस्टपर्यंत ही मोहीम कागदावर एक होती, प्रत्यक्षात तिचे तुकडे झाले होते.

पाच वाजता

१ सप्टेंबरला डॉक्टर आणि डी रिगी खालून चढून कॅम्प पाचवर आले. पाशही तिथे होता. दोघांनी क्राउलीला सांगितलं की तू आता नेता नाहीस, मोहीम डॉक्टर चालवेल. क्राउलीने करार पुढे केला. चढाईबाबत माझाच शब्द अखेरचा, असं लिहून दिलंय तुम्ही. डॉक्टर म्हणाला असेल, कागद खाली राहिला, इथे माणसं मरायला टेकली आहेत. नेमके शब्द काहीही असोत, तोडगा निघाला नाही. डॉक्टर, डी रिगी आणि पाश यांनी काही हमालांसह लगेच कॅम्प तीनकडे उतरायचं ठरवलं. संध्याकाळचे पाच वाजले होते.

ही बाजू नैर्ऋत्येची. तिच्यावर दुपारनंतरचं ऊन पडतं. सकाळी सावलीत असलेला उतार संध्याकाळी सगळ्यात जास्त तापून सैल झालेला असतो आणि रात्रीच्या गोठण्याला अजून काही तास असतात. म्हणजे दिवसभरातली सगळ्यात वाईट वेळ त्यांनी निवडली. क्राउलीने त्यांना तसं बजावलं. त्याच्या आत्मकथनाप्रमाणे त्याने पाशला तर गयावया करून सांगितलं की सकाळपर्यंत थांब, आत्ता गेलास तर जिवंत राहणार नाहीस. पाश त्याला आवडायचा. पाश थांबला नाही.

इथवर क्राउली बरोबर होता. मी हे वाक्य मुद्दाम सरळ लिहितोय. त्या संध्याकाळी कॅम्प पाचवर ज्यांना बर्फाचं ज्ञान होतं त्यांच्यात त्याचं ज्ञान सगळ्यात पक्कं होतं आणि त्याचा सल्ला अचूक होता. उतरणाऱ्यांची चूक मोठी होती. वेळ चुकीची, आणि त्यात सगळे एका दोरावर, अनुभवी आणि अननुभवी एकत्र, तिरक्या उतारावर आडवं चालत. अशा दोरावर एकाचा पाय घसरला की त्याला थोपवायला कुणीच पक्कं उभं नसतं. दोर तेव्हा आधार राहत नाही, सगळ्यांना एकत्र ओढणारी साखळी होते.

तसंच झालं. उतरताना एकाचा तोल गेला, त्याच्यामागे बाकीचे ओढले गेले, त्या धक्क्याने वरचा सैल थर सुटला आणि हिमस्खलनाने सगळ्यांना झाकलं. डॉक्टर आणि डी रिगी वाचले. अलेक्सी पाश आणि तीन हमाल बर्फाखाली गाडले गेले. वाचलेले दोघे हातांनी, कुऱ्हाडींनी बर्फ उपसत होते आणि ओरडत होते.

वर कॅम्प पाचमध्ये दोन माणसं होती, क्राउली आणि रेमों. दोघांनीही ते ऐकलं.

दोन कथनं, एकच लेखक

त्या रात्रीबद्दल क्राउलीने दोनदा लिहिलं. पहिल्यांदा त्याच रात्री तंबूत बसून, वर्तमानपत्रासाठी. हे पत्र अलाहाबादच्या ‘पायोनियर’मध्ये त्याच महिन्यात छापून आलं. दुसऱ्यांदा १९२० च्या दशकात, आत्मकथनात. दोन्ही शेजारी ठेवून वाचली की बरंच काही उलगडतं.

पत्रात तो म्हणतो की आपण रेमोंला मदतीला धाडलं, त्यापलीकडे काही करणं शक्य नव्हतं. आणि लगेच पुढे लिहितो की एवीतेवी या परिस्थितीत मदत करायला आपण फारसे उत्सुकही नव्हतो, कारण ‘अशा प्रकारच्या गिर्यारोहणातल्या “अपघाता”बद्दल मला कसलीही सहानुभूती नाही’. अपघात या शब्दाभोवतीची अवतरणं त्याचीच. उद्या खाली जाऊन काय झालंय ते बघू, असंही लिहितो.

आत्मकथनात तोच प्रसंग वेगळा होतो. तिथे मदतीला जायचं रेमोंने स्वतःहून सुचवलेलं असतं. क्राउलीची कारणंही बदललेली असतात. अंधार पडत होता. पाठवायला माणसं उरली नव्हती, ती डी रिगी घेऊन गेला. आणि हे लोक दिवसभर ओरडतच होते, तेव्हा आत्ताच्या ओरडण्याचा अर्थ काय लावायचा? रेमों म्हणाला, मी बघून येतो, गरज पडली तर हाक मारीन. रेमों परतला नाही, त्याने हाकही मारली नाही, म्हणून मी झोपलो, उजाडताच उठलो.

पहिल्या कथनात मदतीला जायची इच्छा नव्हती. दुसऱ्यात मदत हवी आहे हे कळलंच नव्हतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. सहानुभूती नाकारायला आधी अपघात झालाय हे कळावं लागतं. मला पहिलं कथन खरं वाटतं. ते प्रसंगाच्या रात्रीच लिहिलेलं आहे आणि त्यात लेखक स्वतःला वाचवायचा प्रयत्न करत नाही. त्या रागात स्वतःला वाचवायची गरजच त्याला वाटली नसावी. तो त्या क्षणी इतका बरोबर होता की बरोबर असणं हेच त्याला पुरेसं वाटलं. मी सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही, आता ते आणि त्यांचं नशीब.

या एका ठिकाणी मी अडून बसतो. सल्ला बरोबर असणं आणि जबाबदारी संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोंगरावर संकटात सापडणारे बहुतेक लोक स्वतःच्या चुकीनेच सापडतात. सूचना न ऐकता पुढे गेलेला, पाणी न घेता निघालेला, दोर न बांधता चढलेला. मदत फक्त निर्दोष माणसाला करायची असं ठरवलं तर आपल्या सह्याद्रीतली बचाव पथकं वर्षभर घरीच बसली असती. माझ्या हातून एकदा हे झालंय. सांगूनही न ऐकता ओल्या कातळावर गेलेला एक मुलगा घसरला. पाय मुरगळून तो खाली बसला होता आणि त्याच्याजवळ पोचल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते ‘मी सांगितलं होतं ना’. त्या मुलाचा चेहरा मी विसरलेलो नाही. पण मी पोचलो तरी होतो. क्राउली तेवढंही करू शकला नाही, आणि त्याच्या मदतीची वाट बघणारे बर्फाखाली होते.

त्याच्या बाजूने एक मुद्दा प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. अंधारात, त्याच सैल उतारावर, एकट्याने उतरणं धोक्याचं होतं. सुटलेल्या हिमस्खलनाच्या मागून दुसरं सुटतं, हे आजचं बचाव प्रशिक्षणही शिकवतं. एखाद्या नेत्याने शांतपणे विचार करून ‘आत्ता गेलो तर आणखी दोन जीव जातील, पहाटे निघू’ असं ठरवलं असतं तर मी त्याला दोष दिला नसता. पण मग त्याने रेमोंलाही थांबवलं असतं. रेमोंला जाऊ देऊन स्वतः तंबूत राहणं, यात सुरक्षिततेचा हिशेब बसत नाही.

दुसरा दिवस

सकाळी क्राउली खाली उतरला. अपघाताच्या जागेवरून गेला. तिथे लोक बर्फ उपसत होते. तो थांबला नाही, वाचलेल्यांशी बोलला नाही, तसाच पुढे दार्जिलिंगकडे निघून गेला. मागे राहिलेल्यांना प्रेतं बाहेर काढायला पुढचे दिवस लागले. पाशला तिथेच पुरलं. गिर्यारोहकांच्या बोलण्यात ती जागा ‘पाशची कबर’ म्हणूनच राहिली. त्या तीन हमालांची आठवण सांगणारं असं जागेचं नाव मात्र पडलं नाही.

दार्जिलिंगला पोचून क्राउलीने मोहिमेचे पैसे काढून घेतले. त्यातले बरेचसे डॉक्टरने घातलेले होते. डॉक्टरने, तुझ्या अश्लील कविता जगासमोर मांडीन, अशी धमकी दिली तेव्हा काही रक्कम परत मिळाली. दोघांची वर्तमानपत्रांतून भांडणं झाली. क्राउली आयुष्यात पुन्हा कुठल्याही मोठ्या मोहिमेवर गेला नाही. त्याला कुणी बोलावलंही नाही.

मग कोलकाता, मग ब्रह्मदेश, मग चीन. त्याची तान्ही मुलगी रंगूनमध्ये १९०६ साली विषमज्वराने दगावली. हा काळ त्याच्यासाठीही क्रूर होता, हे मला नजरेआड करायचं नाही.

मंत्राचा प्रश्न

आता त्या प्रसिद्ध वचनाकडे. एप्रिल १९०४ मध्ये, म्हणजे अपघाताच्या सतरा महिने आधी, कैरोमध्ये मधुचंद्राच्या प्रवासात असताना क्राउलीने तीन दिवस रोज एक तास बसून एक छोटा ग्रंथ लिहिला. आयवास नावाच्या अदृश्य शक्तीने तो सांगितला, असा त्याचा दावा. ‘तुझी जी इच्छा तेच कर, हाच सगळा नियम’ हे त्यातलं वचन. यावरूनच त्याने पुढे थेलेमा नावाचा पंथ उभा केला. साहजिकच अनेकजण सरळ गणित मांडतात की मनाला येईल ते करण्याचं तत्त्वज्ञान स्वीकारलं म्हणून तंबूतून हलला नाही.

मला हे गणित मान्य नाही. एक तर त्या वचनाचा अर्थ मनमानी असा नाही, असं त्याचे अनुयायी सांगतात आणि त्यांच्या अर्थाने ते खरं आहे. माणसाची खोलवरची, खरी इच्छा कोणती ते शोधून तिला वाहून घ्यायचं, अशी ती मांडणी आहे. दुसरं म्हणजे १९०५ मध्ये क्राउलीने तो ग्रंथ बाजूला टाकून दिला होता. त्याचं हस्तलिखित १९०९ मध्ये बोलस्किनच्या घरात पुन्हा सापडलं तेव्हा त्याने तो गंभीरपणे घेतला. म्हणजे डोंगरावर घडलं ते त्या शिकवणीमुळे घडलं असं म्हणता येत नाही. उलट दिसतं. स्वभाव आधी होता, त्याला शोभणारं तत्त्वज्ञान मागाहून मिळालं.

आणि तो स्वभाव पुन्हा दिसतो, अठरा वर्षांनी, सिसिलीत. १९२० मध्ये चेफालू गावात त्याने थेलेमाचा ‘मठ’ उघडला. ऑक्सफर्डहून नुकताच बाहेर पडलेला राउल लव्हडे नावाचा तरुण पत्नीसह तिथे आला आणि १६ फेब्रुवारी १९२३ रोजी आतड्यांच्या संसर्गाने वारला. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी मांजराच्या बळीच्या आणि रक्त प्यायल्याच्या कथा छापल्या. मुसोलिनीच्या सरकारने त्याच वसंतात क्राउलीला देशाबाहेर काढलं. प्रत्यक्षात कारण बहुधा अगदी साधं होतं, रानातल्या झऱ्याचं दूषित पाणी. क्राउलीच्या बाजूचे सांगतात की इथलं पाणी पिऊ नका, असं त्याने बजावलं होतं. पुन्हा तेच. सल्ला बरोबर. तिथे डॉक्टरला बोलावलं होतं, म्हणून ते प्रकरण मी कांचनजंगाच्या पंक्तीला बसवत नाही. पण अस्वच्छ घर, सगळीकडे मादक द्रव्यं, त्यात लहान मुलं, अशा जागी भाविक तरुणांना बोलावून घेणाऱ्याची जबाबदारी ‘पाणी पिऊ नका’ एवढ्या सूचनेने संपते का? वर्तमानपत्रांनी सैतान शोधला आणि हा साधा प्रश्न विचारायचा राहून गेला.

बुवाबाजीविरुद्ध काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना यातलं काही ओळखीचं वाटेल. बाबाच्या अंगात दैवी शक्ती आहे की सैतानी, या वादात एकदा शिरलं की त्याने आजारी माणसाला दवाखान्यात जाऊ दिलं की नाही, हा प्रश्न मागे पडतो.

क्राउली १ डिसेंबर १९४७ रोजी इंग्लंडमधल्या हेस्टिंग्ज गावी वारला, एका बोर्डिंग हाउसमधल्या भाड्याच्या खोलीत, हेरॉइनच्या व्यसनासह. वारसाहक्काने मिळालेली संपत्ती कधीच उडाली होती. त्यानंतर त्याची कीर्ती वाढतच गेली.

अहवालात शेवटचा रकाना असतो तो मदतीचा, कोण, कधी, कसं पोचलं याचा. तो भरायला घेतला की मला रेमोंकडे यावंच लागतं. या माणसाबद्दल फार थोडं लिहिलं गेलंय. त्याने भांडणात कुणाची बाजू घेतली नसावी, म्हणूनच तो वर क्राउलीच्या तंबूत राहिला होता. उतरू नये, हे त्यालाही पटलेलं असावं, नाहीतर तोही पाशबरोबर गेला असता. म्हणजे क्राउलीइतकाच तोही बरोबर होता. हाका आल्या तेव्हा बाहेर अंधार पडत होता आणि उतार नुकताच फुटलेला होता. त्याने बूट अजून काढले नव्हते. तो उठला आणि खाली गेला.